मधल्या पल्ल्याची चकती

"हे एकशे पंचाहत्तर ग्रॅम नाही," सासूबाई म्हणाल्या आणि निळी चकती त्यांनी काउंटरवर ठेवली. "एकाहत्तर. फार तर बाहत्तर."

दुकानातली मुलगी हसली. खेळाच्या सामानाचं दुकान ते. एका भिंतीला रॅकेटी, दुसरीला बूट आणि मागच्या कोपऱ्यात या, लांबून खांबावरच्या टोपलीत फेकायच्या चकत्यांचं कपाट. "काकू, मागच्या बाजूला छापलंय बघा. कारखान्यात तोलूनच छापतात."

"छापणाऱ्यानं छापलं असेल. मी हातात धरलंय."

मी छोटीला पोटाशी बांधून, या पायावरून त्या पायावर झुलत उभी होते. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीत बसलेल्या बाईशी वजनावरून वाद घालू नये. आमच्या घरात साखरेच्या पुड्यापासून नव्या चादरीपर्यंत सगळं आधी त्यांच्या हातातून जातं. छोटी जन्मली तेव्हा नर्सनं आकडा सांगायच्या आधी सासूबाईंनी सांगितला होता. नर्सला वाटलं, आतून कुणीतरी फोडला.

मुलीनं काउंटरखालून रॅकेट तोलायचा छोटा काटा काढला, चकती त्यावर ठेवली आणि जरा वेळ आकड्याकडे बघत राहिली. एकशे बाहत्तर.

"असं कसं कळतं हो तुम्हाला?"

"काट्यावरचा आकडा थरथरत असतो ना, तो ठरेपर्यंत खिडकीबाहेर दोन माणसं वाढतात. मग हातच काटा करावा लागतो." सासूबाईंनी दुसरी चकती उचलली, तळहातावर किंचित उडवली. "हां. ही खरं बोलते. बरं, आता मला सांग, यातली नवख्या माणसाची कोणती?"

"कुणासाठी हवीय? नातवाला?"

"मला."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी छोटीची टोपी सारखी केली.

खरं तर मलाही हा धक्का मंगळवारीच बसला होता. स्वयंपाकघरात मी छोटीला भरवत होते आणि सासूबाई पिशव्यांच्या घड्या घालत होत्या. आदल्या दिवशी घातलेल्या घड्याच मोडून पुन्हा घालत होत्या. त्यांची निवृत्ती आणि छोटी, दोन्ही एकाच महिन्यातली, आठ महिन्यांची. छोटी आता बसायला लागली होती, सासूबाईंना काही बसणं जमेना. चहा उभ्यानं. वर्तमानपत्र उभ्यानं. जरा कुठे टेकल्या की कुणी हाक मारल्यासारख्या उठायच्या, दाराशी जायच्या, परत यायच्या आणि फडताळातले डबे उंचीनं लावायच्या. डबे उंचीनं लावून झाले की वजनानं. मी एकदा म्हटलं, "आई, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या." तर म्हणाल्या, "अगं, पाय ठीक आहेत. हातांचं काय करू ते सांग."

तर त्या मंगळवारी घडी घालता घालता त्यांनी माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं, "तो रविवारी चकत्या फेकायला जातो, तिथे बायका येतात?"

"येतात की."

"माझ्या वयाच्या?"

"तशी एक येते. कुत्रं घेऊन येते पण."

यावर त्यांनी आणखी दोन पिशव्या संपवल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला होता, आई, तूही ये एकदा. मी म्हटलं, बघू."

"मग?"

"मग बघितलंच नाही."

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. माझा नवरा पुढच्या गुरुवारी निघणार होता. नवी नोकरी, नवा देश, तीन वर्षांचा करार. घर मिळालं की छोटी आणि मी मागून जाणार. सासूबाई येणार नव्हत्या. हे त्यांनी इतक्या सहज जाहीर केलं होतं की कुणाला समजूत घालायलाही फट सापडली नाही. "तिकडे मी काय करू? मला तिथले पिनकोडसुद्धा येत नाहीत." आणि निघायच्या आधी रविवार एकच उरला होता.

"त्याच्याकडे तेवीस चकत्या आहेत," मी म्हटलं. "एक मागून घ्या. विकत कशाला?"

"मागायला गेलं की समोरच्याला नाही म्हणायला वाव मिळतो. आपली चकती घेऊन दारात उभं राहिलं, की काय करेल?"

म्हणून आम्ही बुधवारी दुपारी, नवरा ऑफिसात असताना, त्या दुकानात होतो.

मुलगी चांगली होती. हसली खरी, पण मग काउंटरच्या बाहेर आली आणि नीट समजावून सांगायला लागली. चकत्या तीन जातीच्या. लांब पल्ल्याची, तिची कड पातळ, धारदार. अगदी जवळून टोपलीत टाकायची, ती जाड, बशीसारखी. आणि या दोघींच्या मधली, मधल्या पल्ल्याची. "नवीन माणूस येतो आणि हमखास लांब पल्ल्याची मागतो," ती म्हणाली. "सगळ्यांना लांबच फेकायचं असतं."

"माझ्या मुलाकडे त्याच आहेत. पातळ कडेच्या."

"ते किती वर्षं खेळतायत?"

"सहा."

"मग त्यांच्या हाताला तो वेग असेल. हे बघा, प्रत्येक चकतीवर चार आकडे असतात. पहिला वेगाचा. तुमच्या मुलाची असेल अकरा-बाराची. म्हणजे तेवढ्या जोरानं फेकली तरच ती उडणार. कमी जोरानं फेकली की दहा पावलांवर डावीकडे मान टाकते. दुसरा आकडा, किती तरंगते त्याचा. तिसरा आणि चौथा, ती मध्येच किती वळते आणि शेवटी किती ओढ खाते त्याचा. तुम्हाला पहिला आकडा चार किंवा पाच हवा. आणि शेवटचा शून्य किंवा एक."

सासूबाई परीक्षेला बसल्यासारख्या ऐकत होत्या. ऐकताना हात मात्र कपाटातल्या चकत्यांवरून फिरत होते. एक उचल, तोल, ठेव. दुसरी उचल. मी पाहिलं, त्या वजनाच्या क्रमानं चकत्या लावत चालल्या होत्या.

"यातली जास्त भरवशाची कोणती? जड असेल ती?"

"उलट. जड चकतीला हात जोरकस लागतो. तुम्ही एकशे साठ-पासष्टची घ्या. आणि ही चमकणारी नको, घाम आला की निसटते. ही अशी मळकट, मऊ प्लास्टिकची घ्या. पकड बसते, पडली तर घरंगळत जात नाही, आणि स्वस्तही आहे."

"मला एकच सांग," सासूबाई म्हणाल्या. "यातली लोकांचा कमीत कमी वेळ खाणारी कोणती?"

मुलीला प्रश्न कळला नाही. मला कळला.

"म्हणजे, मागे माणसं असणार ना. त्यांना खोळंबून नाही ठेवायचं मला. लांब नाही गेली तरी चालेल. पण जाईल ती समोर जायला हवी. झुडपात शोधत बसायला लागायला नको."

मुलीनं जरा विचार केला. मग म्हणाली, "या मागे चला." आणि दुकानाच्या मागच्या दारानं आम्हाला गोदामाच्या अंगणात नेलं. तिथे रिकाम्या खोक्यांची चळत होती आणि भिंतीला जुनी गादी टेकवून ठेवली होती. दोन चकत्या दिल्या तिनं. एक चमकती हिरवी, वेग पाच, शेवटचा आकडा तीन. दुसरी मळकट राखी, वेग पाच, शेवटचा आकडा एक. "जोर नको. दार उघडल्यासारखा हात आणा. चकती सपाट ठेवा, पाणी भरलेलं ताट धरल्यासारखी."

हिरवी गेली आणि शेवटी डावीकडे वळून खोक्यांत शिरली. राखी गेली ती गादीच्या कडेला लागली. सासूबाईंनी स्वतःच जाऊन दोन्ही आणल्या, पुन्हा फेकल्या, पुन्हा आणल्या. आम्हाला वाकू दिलं नाही. पाच-सहा वेळा हेच झालं. हिरवी दर वेळी खोक्यांत. राखी कधी गादीवर, कधी जवळपास. शेवटच्या वेळी अगदी मधोमध, आणि धप्प असा आवाज आला. छोटी दचकली, मग हसली.

"हीच," सासूबाई म्हणाल्या.

"राखी नका घेऊ," मुलगी म्हणाली. "गवतात दिसणार नाही. यातच नारिंगी आहे."

"नारिंगी? या वयात? राखी बरी, डाग दिसत नाहीत."

"काकू, ती शोधण्यात वेळ जाईल."

सासूबाईंनी नारिंगी घेतली. तोलली. "एकशे चौसष्ट," म्हणाल्या, आणि मागे छापलेला आकडा बघितलासुद्धा नाही.

रविवारी सकाळी नवरा खांद्याला पिशवी लावून निघाला तर दारात सासूबाई. पायात चालायचे बूट, अंगात जुना पोस्टाचा खाकी स्वेटर, हातात चकती. मीही छोटीला बांधून तयार. रात्रीच ठरवलं होतं आम्ही, पण त्याला सांगितलं नव्हतं.

तो आधी चकतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग आईकडे.

"तू येतेयस?"

"तू म्हणाला होतास."

"मी कधी... आई, अगं चढ आहे तिथे. बसायला धड जागा नाही. आणि आज माझे दोन मित्र मुद्दाम येतायत, माझा शेवटचा रविवार म्हणून." मग स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. "म्हणजे, तुला कंटाळा येईल."

"कंटाळा मला घरीही येतो," सासूबाई म्हणाल्या. "नऊच टोपल्या आहेत ना? नऊ खेळेन आणि येईन."

त्यानं चकती त्यांच्या हातातून घेतली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. "ही तुला कुणी दिली निवडून?"

"मीच निवडली."

"बरी निवडलीस," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप. मायलेक एकाच मातीचे आहेत. दोघांनाही बसून बोलता येत नाही. फोनवर तो विचारतो, "गॅसवाला येऊन गेला?" आणि त्या सांगतात, "येऊन गेला." यालाच ते दोघं गप्पा म्हणतात.

मैदान म्हणजे खरं तर टेकडीच्या पायथ्याचं मोठं उद्यान. झाडांमधून पायवाटा, आणि ठरावीक अंतरावर खांबांवर लोखंडी टोपल्या. टोपलीवर साखळ्या लोंबतात. चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. नियम म्हणाल तर एवढेच, आणि आणखी एक, जो त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळला.

त्याचे दोन मित्र आधीच आले होते. एक दातांचा डॉक्टर, गोल चेहऱ्याचा, सतत काहीतरी खाणारा. दुसरा जमीन मोजणारा सर्वेअर, इतका उंच की सगळे त्याला उंट म्हणायचे आणि तो ओ द्यायचा.

"काकू, तुम्ही?" डॉक्टर म्हणाला. "वा. म्हणजे आज मी शेवटून दुसरा."

"बघ हं," उंट म्हणाला, "शेवटचाही होशील."

पहिल्या टोपलीला तिघांनी आपापल्या लांब पल्ल्याच्या फेकल्या. पातळ, शिट्टी मारत गेल्या. सासूबाई पुढे झाल्या आणि पाय ठरायच्या आतच त्यांनी फेकलीसुद्धा. नारिंगी चकती सरळ गेली, दुकानातल्या मुलीनं सांगितल्यासारखी, पण तीस-पस्तीस पावलं. बाकीच्यांच्या निम्मीसुद्धा नाही. त्या जवळजवळ धावत गेल्या, ती उचलली आणि ती घेऊन तिघांच्या चकत्या पडल्या होत्या तिथपर्यंत चालत निघाल्या.

"आई, काय करतेस?" नवऱ्यानं मागून हाक मारली. "जिथे पडली तिथूनच फेकायची."

"असू दे. तुमचं चालू द्या. मी येते मागून."

"असं नाही चालत. टोपलीपासून जो सगळ्यात लांब, त्याची पाळी आधी. तू सगळ्यात लांब आहेस. तुझं झाल्याशिवाय आम्हाला फेकता येत नाही."

सासूबाई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. लांब राहिलं तर आपण मागे राहू, कुणाच्या वाटेत येणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. आणि इथे उलटंच. मागे राहणाऱ्यासाठी सगळे थांबणार. सगळे वळून त्यांच्याकडे बघत उभे.

"हा कसला नियम?" त्या म्हणाल्या.

"पुढे उभ्या असलेल्याच्या टाळक्यात बसू नये म्हणून," डॉक्टर म्हणाला. "माझ्या एकदा बसलीय. तेव्हापासून मी असा आहे."

सगळे हसले. सासूबाई परत गेल्या, फेकली. कमी पडली. पुन्हा त्यांचीच पाळी. पुन्हा कमी. पुन्हा त्यांचीच. तिघं शांतपणे उभे होते, चांगले होते बिचारे, "छान काकू, सरळ गेली" म्हणत होते. पण प्रत्येक "छान" बरोबर त्यांचा हात आणखी घाई करायला लागला. फेकायच्या आत त्या पुढच्या पावलाला निघालेल्या असायच्या. चकती सरळ जायची थांबली. एक उजवीकडे गेली, एक जमिनीत रुतली, एक काटेरी झुडपावर जाऊन बसली आणि उंटाला ती काढताना हात ओरखडून घ्यावा लागला.

"माझ्यामुळे," सासूबाई म्हणाल्या. "दाखव बघू. रक्त आलं?"

"काही नाही हो काकू. उंच असल्याचा एवढाच उपयोग."

तिसऱ्या टोपलीपाशी मागून चार जणांचा घोळका आला. हळू खेळणाऱ्यांनी वाट द्यायची असते. वाट दिली. ते खेळून पुढे जाईपर्यंत सासूबाई त्यांना "या, या, तुम्ही घ्या आधी" म्हणत राहिल्या, खिडकीतून म्हणावं तसं. चौथ्या टोपलीपाशी आणखी दोघं आले. त्यांनाही वाट दिली. माझ्या नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. त्याच्या मनात तसं काही नसावं, पण त्याच्या आईनं ते पाहिलं.

पाचवीला डॉक्टर म्हणाला, "मित्रा, मला अकराला घरी पोचायचंय, सासरची मंडळी येणार आहेत. अशा नऊ टोपल्या व्हायच्या नाहीत आता. मी आणि उंट पटपट पुढे काढतो? तुम्ही या सावकाश."

सहा वर्षं दर रविवारी हे तिघं एकत्र नववी टोपली करून चहाच्या टपरीवर जायचे. डॉक्टरनं त्याला मिठी मारली, उंटानं वाकून मारली. छोटीच्या गालाला हात लावून ते निघाले. वळणावर उंटानं हात वर केला. तो बराच वेळ झाडांच्या वर दिसत राहिला.

ते दिसेनासे झाले तशा सासूबाई माझ्याकडे आल्या. कपाळावर घाम, बुटाला माती. त्यांनी चकती माझ्यापुढे धरली.

"ही ठेव पिशवीत. मी त्या बाकावर बसते छोटीला घेऊन. तू आणि तो खेळून या. नाहीतर तो एकटा पळत जाऊन गाठेल अजून त्यांना." मग हळू आवाजात, "उगीच आले गं मी. त्याचा शेवटचा दिवस खाल्ला."

छोटी माझ्या छातीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून. "ती झोपलीय आई," मी म्हटलं. "माझे हात मोकळे नाहीत. तुम्हीच धरा."

त्या चकती पुढे करून उभ्या, मी हात न हलवता उभी. नवरा पुढून परत आला.

"काय चाललंय?"

"मी थांबते इथे," त्या म्हणाल्या. "तू जा."

"नऊ म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण बघ ना, ते आले मागून आणखी." खरंच, खालच्या वळणावर तिघं-चौघं दिसत होते.

"येऊ देत. थांबतील."

"लोकांना थांबवून ठेवणं मला नाही जमत रे."

"मला तर थांबवून ठेवायचीस," तो म्हणाला.

तो हे हसत म्हणाला. मग तो माझ्याकडे वळून सांगायला लागला, जणू मलाच सांगायचं होतं. "तुला ठाऊक नाही. मी तिसरीत, चौथीत. शाळा सुटली की घराची किल्ली घ्यायला हिच्या खिडकीशी जायचो. सरळ बाजूनं जाऊन हात पुढे केला तर ही काय म्हणायची? रांगेतून ये. पार्सलं घेतलेल्या माणसांच्या मागे मी दप्तर घेऊन उभा. एकदा बारा जण होते पुढे. मी मोजले होते. पाळी आली की खिडकीतून किल्ली द्यायची. आणि म्हणायची, पुढचे."

सासूबाई चकतीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "लोक तासतास उभे असायचे," त्या म्हणाल्या. "आपला पोरगा म्हणून आधी घेतला असता तर काय वाटलं असतं त्यांना?"

"काही वाटलं नसतं, आई. ते पुढे सोडत होते मला. तूच मागे पाठवायचीस."

खालची मंडळी आली. सासूबाईंनी त्यांना वाट दिली, पण या वेळी "या, या" म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. ती चौघं खेळून, हसत, पुढे निघून गेली. खाली वळणापर्यंत वाट मोकळी झाली.

"एका खिडकीला माणूस एकच असतो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, संध्याकाळी घरी गेल्यावर तुला वेळ देईन. घरी गेल्यावर तू झोपलेला असायचास." मग चकती उचलली. "कुठून फेकायची होती मी?"

पाचवी त्यांनी अकरा फेकींत केली. सहावी नऊ. तो त्यांच्या शेजारून चालत होता. शिकवत नव्हता, फक्त एकदा म्हणाला, "खांदा आधी वळव, हात मागून येऊ दे." आणि त्यांनी तसं केलं तेव्हा चकती जमिनीला समांतर, जणू तारेवरून घसरत गेली आणि पन्नास पावलांवर अलगद उतरली. त्या त्याच्याकडे वळल्या. तो खाली बघून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

गॅसवाल्याचा नंबर त्यानं फ्रीजवर लावलाय, असं तो म्हणाला. पाहिला, असं त्या म्हणाल्या. आणि पाण्याचा मीटर? तोही. मी चार पावलं मागे राहून चालत होते.

सातवी टोपली उताराच्या कडेनं, दोन मोठ्या झाडांमधल्या फटीतून पलीकडे. सासूबाईंनी आधी फेकली. फार लांब नाही, पण झाडांच्या अलीकडे, वाटेच्या मधोमध नारिंगी ठिपका स्वच्छ दिसत राहिला. मग त्यानं आपली बारा वेगाची काढली. त्याची सगळ्यात आवडती, कड झिजलेली. दोन पावलं घेतली आणि पूर्ण ताकदीनं सोडली. ती फटीतून जायला हवी होती. बुंध्यावर आदळली, टणकन आवाज झाला, उलटी फिरली, कडेवर उभी राहिली आणि उतारावरून चाकासारखी घरंगळत, आमच्या पायांसमोरून, मागच्या कोरड्या चरात जाऊन पडली.

तो शिवी देणार होता. झोपलेल्या छोटीकडे बघून थांबला.

चर कमरेएवढा खोल होता, आत वाळकी झुडपं. तो उतरला, फांद्या बाजूला करत राहिला. चकती सापडली, पण समोर बांध, वर फांद्या. तिथून फेकायची म्हणजे कशी, हे त्याला उमगत नव्हतं. गुडघ्यावर बसला, उठला, दुसऱ्या बाजूनं वाकला.

सासूबाई आपल्या चकतीपाशी जाऊन पोचल्या होत्या. तिथून त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग मागे चराकडे, अंतर डोळ्यांनी मोजल्यासारखं.

"आई," तो चरातून म्हणाला, "तू फेकून घे तुझी. मला वेळ लागेल इथे."

"नाही," त्या म्हणाल्या. "लांब तू आहेस."

"अगं, कोण बघतंय नियम?"

"मी बघतेय ना. तुझी पाळी आहे." त्या वाटेवरून दोन पावलं बाजूला झाल्या, त्याच्या चकतीला रस्ता मोकळा राहील अशा. "सावकाश बघ. मी थांबलेय."

तो पुन्हा वाकला. चरातून त्याचं फक्त डोकं दिसत होतं, आणि मागच्या बाजूला, केस विरळ होऊ लागलेली रुपयाएवढी जागा, जी मी कधीच पाहिली होती आणि सासूबाईंनी बहुधा नव्हती. तो एकदा या बाजूनं नेम धरत होता, एकदा त्या. सासूबाई गवतात उभ्या राहून त्या जागेकडे बघत राहिल्या.